बाथ-लंडनच्या जुन्या टेरेस घरांमध्ये बघण्यासारखं नेमकं काय?

विभावरी_आर
मंडळी, मे महिन्यात नाशिकहून मावशी आणि काका येतायत, राहणार आमच्याकडे रेडिंगला. लंडन आय, बकिंगहॅम राजवाडा वगैरे होईलच, पण मला त्यांना बाथ शहर दाखवायचंच आहे, आणि तेसुद्धा रोमन स्नानगृहांपेक्षा तिथल्या टेरेसेस, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या त्या अखंड दगडी रांगा. अडचण अशी की आजवर ज्यांना नेलं त्यांची प्रतिक्रिया ठरलेली: "सगळी सारखीच तर आहेत, बघून झालं, आता चहा कुठे मिळेल?"

माझं म्हणणं, सारखी आहेत हीच तर गंमत! रॉयल क्रेसेंट घ्या. १७६७ला धाकट्या जॉन वुडने काम काढलं, सातेक वर्षं चाललं. ३० घरं, ११४ खांब, सगळं अर्धचंद्राकार, आणि समोर उभं राहिलं की एकाचं घर कुठे संपतं नि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते पटकन कळत नाही. एकट्याने राजवाडा बांधायची ऐपत यातल्या फारशा कुणाची नव्हती, पण तिसांच्या घरांचा मिळून एक राजवाडा झाला. मला हे फार भारी वाटतं, पण समोरच्याला सांगताना माझं गाडं "बघा ना किती सुंदर" याच्या पुढे जात नाही.

तर जाणकारांनी सांगा, तुम्ही अशा रांगेसमोर उभे राहता तेव्हा काय बघता? नवख्या माणसाला काय दाखवावं?

टवाळखोर
३० घरं, एकच दर्शनी भाग, आणि रंगावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्च्या उडाल्या नाहीत? विश्वास बसत नाही.

मुक्ता_ब्रिस्टल
@टवाळखोर, उडाल्या की! १९७०च्या दशकात तिथल्या २२ नंबरच्या बाईंनी आपलं दार पिवळं रंगवलं, बाकी सगळ्यांची पांढरी. नगरपालिका म्हणाली परत पांढरं करा, बाई म्हणाल्या नाही करत. चौकशीपर्यंत गेलं प्रकरण आणि बाई जिंकल्या. विभावरी, तुझ्या काकांना हे दार दाखव, त्यांना खांबांपेक्षा हेच लक्षात राहील बघ.

गवाक्ष
छान धागा. मी पेशाने आर्किटेक्ट, एडिनबरात शिकलो, आता पुण्यात. माझे दोन पैसे, जरा लांबतील.

नवख्या माणसाला खांब दाखवू नका, खिडक्या दाखवा. जॉर्जियन, म्हणजे ढोबळमानाने अठराव्या शतकातली, टेरेस खिडक्यांवरून वाचायची असते. सगळ्यात उंच खिडक्या पहिल्या मजल्यावर असतात, कारण दिवाणखाना तिथे, पाहुणे तिथे, नाचगाणं तिथे. तळमजल्यावर जेवणाची खोली, तिथल्या खिडक्या थोड्या कमी उंच. दुसऱ्या मजल्यावर झोपायच्या खोल्या, खिडक्या अजून ठेंगण्या, आणि सगळ्यात वर नोकरांच्या खोल्या, तिथे जेमतेम चौकोनी झरोके. स्वयंपाकघर तळघरात. म्हणजे घरातली उतरंड रस्त्यावरून दिसते, आत जायची गरजच नाही. आणि रुंदी मात्र सगळ्या खिडक्यांची जवळपास तीच, फक्त उंची बदलते, त्यामुळे उभ्या ओळी सरळ राहतात. एवढ्या एका युक्तीवर साध्या विटांची भिंतसुद्धा उठावदार दिसते, नक्षीकाम लागत नाही.

दुसरं, लंडनमध्ये ही शिस्त निव्वळ आवडीतून आलेली नाही, आगीच्या भीतीतून आली आहे. १६६६च्या आगीनंतर १६६७चा कायदा आला, घरांचे प्रकार ठरवून दिले, बांधकाम विटा नाहीतर दगडाचंच. १७०७ला छताखालच्या लाकडी कॉर्निसवर, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या पट्टीवर, बंदी, म्हणून भिंत छताच्या वर चढवून कठडा केला आणि उतरतं छप्पर त्यामागे लपलं. १७०९ला खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४च्या कायद्याने ती चौकट विटांच्या मागेच दडवली, बाहेरून दिसते ती नुसती काच आणि बारीक पट्ट्या. त्यामुळे चौकट भिंतीच्या किती आत आहे एवढं पाहूनही घराच्या वयाचा अंदाज बांधता येतो, ढोबळ हं, कारण लंडनबाहेर हे नियम सारखे नव्हते आणि नंतर लोकांनी खिडक्या बदललेल्याही असतात.

त्याच १७७४च्या कायद्यात घरांचे चार दर्जे पाडले होते. ८५० पौंडांच्या वरचं पहिल्या दर्जाचं, १५० पौंडांच्या खालचं चौथ्या दर्जाचं, प्रत्येकाला भिंतींची जाडी ठरलेली.

हेम_लेस्टर
कौतुक ठीक आहे पण करणाऱ्यांनी आमच्या घरात जानेवारीतली एक रात्र काढावी ही नम्र विनंती. व्हिक्टोरियन टेरेस, संरक्षित भागात. खिडक्या इतक्या गळक्या की पडदे आपोआप हलतात, पाहुण्यांना भूत वाटतं. डबल ग्लेझिंगची, म्हणजे दुहेरी काचेची, परवानगी मागितली तर साहेब म्हणाले समोरच्या बाजूला चालणार नाही, रस्त्याचं 'रूप' बिघडतं. रूप रस्त्याचं, बिल माझं. तुम्हा टूरिस्ट लोकांसाठी आम्ही स्वेटर घालून झोपायचं का?

टवाळखोर
भूत वारसा यादीत आहे का बघा, असेल तर त्यालाही हलवता येणार नाही.

चुनेवाला
हेमताई, सॅश म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडकीच्या आतून वेगळी दुसरी चौकट बसवतात ना, सेकंडरी ग्लेझिंग, ती बघा. बाहेरून काही बदलत नाही, बहुतेक ठिकाणी चालते, आवाजही कमी होतो. आणि त्याआधी खिडकीच्या फटींना ब्रशच्या पट्ट्या लावून घ्या, पडदे हलायचे अर्धे तिथेच थांबतात. मी ब्रिस्टलजवळ जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून सांगतो, जुनी सॅश फेकून प्लास्टिकची बसवणारे लोक नंतर रडतात. जुन्या खिडकीचं लाकूड सावकाश वाढलेल्या झाडाचं असतं, दोनशे वर्षं टिकतं, फक्त दोरी आणि रंग बदलत राहायचा. चौकटीच्या पोकळीत दोन्ही बाजूंना वजनं लटकलेली असतात, दोरी कप्पीवरून जाते, म्हणून एवढी जड खिडकी दोन बोटांनी वर जाते. वरचा भाग खाली ओढा, खालचा वर करा, गरम हवा वरून बाहेर आणि गार हवा खालून आत. विजेशिवाय.

आणि ओल येते म्हणून भिंतीवर सिमेंट मारलंय का कुणी आधी? जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या असतात, चुना पाणी शोषतो आणि बाहेर सोडतो. वरून सिमेंटने सांधे भरले की पाण्याला सांध्यातून वाट राहत नाही, ते विटेतून बाहेर पडतं, थंडीत गोठतं आणि विटेचं तोंडच फुटून येतं. लोक म्हणतात जुनी वीट कच्ची होती. वीट बरी होती हो, दुरुस्ती वाईट होती.

आबा_सदाशिव
चुनेवाले, अगदी. आमच्या शनिवारातल्या वाड्याचं हेच झालं, १९८०च्या आसपास कुणीतरी शहाण्याने सगळीकडे सिमेंटचा गिलावा केला आणि भिंती आतून पोखरल्या. पूर्वी चुना घाणीत बैल लावून मळायचे, तेवढा वेळ कुणाला आहे आता. वाडा गेला, आता सहा मजली आहे, लिफ्ट मात्र चांगली आहे.

नाठाळ
थोडा मिठाचा खडा टाकतो. या सगळ्या सुंदर दगडांमागे पैसा कुणाचा? रॉयल क्रेसेंटच्या शेजारी 'द सर्कस' ही वर्तुळाकार टेरेस आहे ना, तिथे क्लाइव्हने घर घेतलं होतं. तोच, प्लासीवाला. जरा वर लॅन्सडाउन क्रेसेंटला विल्यम बेकफर्ड राहायचा, त्याची इस्टेट जमैकातल्या उसाच्या मळ्यांतली, म्हणजे गुलामांच्या घामाची. आपण तिकडे जाऊन 'काय प्रमाणबद्धता' म्हणायचं? मला तरी घशाखाली उतरत नाही.

गवाक्ष
पैसा कुठून आला हे सांगायलाच हवं, त्यावर दुमत नाही. पण सगळी टेरेस म्हणजे लुटीचा पैसा असंही नाही. बहुतेक घरं सट्ट्यावर बांधलेली. जमीनदार जमीन ९९ वर्षांच्या वगैरे भाडेपट्ट्याने देणार, बिल्डर कर्ज काढून सांगाडा उभा करणार, घर संपायच्या आत गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर दिवाळं. लंडनला अॅडम या आर्किटेक्ट बंधूंनी थेम्सकाठी अडेल्फी नावाची टेरेस बांधायला घेतली १७६८ला, पैसे संपले, शेवटी १७७४ला लॉटरी काढून सुटका करून घ्यावी लागली! रांगेत बांधण्याचं मूळ कारणही हेच, दोन घरांत एकच भिंत, धुराडी त्याच भिंतीत, कमी जागेत जास्त घरं. काटकसरीला राजवाड्याचा मुखवटा चढवला.

नाठाळ
मुखवटा शब्द तुम्हीच वापरलात, मी काही बोलत नाही :)

मुक्ता_ब्रिस्टल
मुखवटाच आहे आणि तोच बघायला मजा येते! क्रेसेंटमध्ये वुडने फक्त समोरची बाजू ठरवून दिली. लोकांनी त्या दर्शनी भिंतीचा आपापला तुकडा घेतला आणि मागे आपल्या मर्जीने, आपल्या कारागिरांकडून घर बांधून घेतलं. त्यामुळे मागच्या गल्लीत गेलं की कुणाची भिंत पुढे, कुणाची मागे, कुणाची छपरं वर-खाली, नळ कुठूनही लोंबतायत. वरून कीर्तन आतून तमाशा. मी पाहुण्यांना आधी मागून नेते, क्रेसेंट लेनमधून, आणि मग वळसा घालून पुढे. उलट क्रमाने नेलं तर पुढची शिस्त लक्षात येत नाही.

सुमेध_एनडब्ल्यू
लंडनच्या टेरेसचा विषय निघालाय आणि किंग हेन्रीज रोड कुणीच काढला नाही? १० नंबर, प्रिमरोज हिलजवळ. बाबासाहेब १९२१-२२मध्ये तिथे राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. बाहेरून बघाल तर शेजारच्या घरांसारखंच, ओळीतलं एक व्हिक्टोरियन घर, पाटी नसती तर पुढे निघून जाल.

आणि टेरेसमध्ये स्मारक करणं किती अवघड असतं तेही इथेच दिसलं. राहत्या वस्तीतलं घर, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे संग्रहालय म्हणून वापरायला काहींचा आक्षेप, स्थानिक काउन्सिलने परवानगी नाकारली, अपील झालं, सुनावणी झाली, आणि मार्च २०२०मध्ये थेट मंत्र्यांच्या पातळीवर परवानगी मिळाली. मला विचाराल तर विभावरीताई, बाथ नंतर, आधी इथे न्या. अरुंद जिन्याने वर जाताना कळतं की परक्या शहरात शिकायला आलेला माणूस कशा घरात राहत असेल. तिथे खांब मोजायला लागत नाहीत.

विभावरी_आर
सुमेध, हे यादीत पहिलं. काका निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना न नेऊन चालणारच नाही. उघडं असण्याच्या वेळा बघते.
नाठाळ, क्लाइव्हचं घर मुद्दाम दाखवणार. काकांना इतिहास आवडतो, तेच मला व्याख्यान देतील.

सई_लीड्स
तुम्ही सगळे श्रीमंतांच्या घरांत अडकलात. इंग्लंडमधली बहुसंख्य टेरेस ही कामगारांची. आमच्या जवळ सॉल्टेअर आहे, ब्रॅडफर्डच्या बाजूला. टायटस सॉल्ट नावाच्या लोकर-कारखानदाराने १८५१पासून वसवलेलं अख्खं गाव, ८००च्या वर घरं, सगळी मधाच्या रंगाच्या दगडाची, आणि गल्ल्यांना बायकोची नि पोराबाळांची नावं, कॅरोलाइन स्ट्रीट, टायटस स्ट्रीट असं. साध्या कामगारांची घरं लहान, मुकादमाचं मोठं, ते बऱ्याचदा रांगेच्या टोकाला, म्हणजे इथेही गवाक्ष म्हणतात तशी उतरंड भिंतीवर लिहिलेली. २००१पासून जागतिक वारसा आहे आणि लोक अजून त्यात राहतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, हे मला फार आवडतं.

आणि अगदी गरिबांची म्हणजे बॅक-टु-बॅक. तीन बाजूंना शेजारी, खिडकी फक्त एका बाजूला. लीड्समध्ये १९३७पर्यंत बांधत होते. बर्मिंगहॅमला अशा घरांचं एक आवार नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने जपून ठेवलंय, मधल्या चौकात सामाईक संडास आणि धुण्याची खोली. माझी आई गिरगावच्या चाळीत वाढलेली, तिला नेलं तर गाइडच्या आधी तीच समजावून सांगायला लागली, पाणी कोण आधी भरणार यावरून भांडणं होत असणार वगैरे. गाइड म्हणाली बरोबर आहे :D

अभ्या_डब्लिन
डब्लिनकर हजर. इथे जॉर्जियन दारं प्रसिद्ध आहेत, लाल निळी पिवळी, वर अर्धगोल काच. ती काच निव्वळ शोभेची नाही बरं का. टेरेस घराला बाजूने खिडकीच नाही, मग दारामागचा लांब बोळ अंधारा, म्हणून दाराच्या वरून उजेड घ्यायचा.
आणि काय गमावलं जातं त्याचं उदाहरण पण इथलंच. लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची सलग १६ घरं १९६५ला पाडून वीज कंपनीचं ऑफिस बांधलं. शहरातली सगळ्यात लांब जॉर्जियन रांग मधोमध तुटली. एक घर पडलं तर तोंडातला एक दात पडल्यासारखं, तरी रांग कळते, इथे तर समोरची सगळी पंगतच गेली.

चुनेवाला
लंडनमध्ये वर उल्लेख आलेलं अडेल्फीचं मुख्य टेरेस १९३६ला असंच गेलं. त्या धक्क्यानेच १९३७ला जॉर्जियन ग्रुप ही संस्था निघाली. स्पिटलफील्ड्समध्ये तर १९७७ला लोक पाडायला काढलेल्या घरांत घुसून राहिले, बुलडोझर येऊ नये म्हणून. रेशमाचं विणकाम करणाऱ्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट, निर्वासितांचा भाग तो, फूर्निए स्ट्रीटची घरं १७२०च्या दशकातली, माळ्यावर लांबच लांब खिडक्या, मागाला उजेड हवा म्हणून. आज त्या घरांची किंमत ऐकली तर विणकर परत फ्रान्सला जातील.

प्राची_के
स्पिटलफील्ड्सला गेलात तर फूर्निए स्ट्रीटच्या टोकाची मशीद बघाच. १७४३ला ह्युगेनॉट लोकांचं प्रार्थनामंदिर म्हणून बांधली, मग मेथडिस्ट चॅपेल, १८९८पासून सिनेगॉग, १९७६पासून मशीद. इमारत तीच.

सासूबाईंचा_लाडका
एक प्रश्न. बऱ्याच जुन्या घरांत खिडक्या विटांनी बुजवलेल्या दिसतात, ते टॅक्स वाचवायला ना? आमच्या बस टूरच्या गाइडने सांगितलं होतं.

गवाक्ष
खिडक्यांवर कर होता हे खरं, १६९६ ते १८५१. काहींनी बुजवल्याही. पण बऱ्याचशा 'बुजवलेल्या' खिडक्या मुळातच कोऱ्या बांधलेल्या असतात. मागे धुराडं येतंय किंवा जिना येतोय, तिथे खिडकी शक्य नाही, पण बाहेरून ओळ मोडता कामा नये, म्हणून खोटी खिडकी. टूर गाइडला टॅक्सची गोष्ट सांगायला सोपी पडते.

टवाळखोर
टॅक्स वाचवायला खिडक्या बुजवणारा माणूस नक्की आमच्या पेठेतला असणार.

आबा_सदाशिव
आमच्या पेठेतला असता तर शेजाऱ्याच्या बुजवल्या असत्या.

हेम_लेस्टर
@चुनेवाला, ब्रशच्या पट्ट्या मागवल्या. बघू. आणि भिंतीवर सिमेंट आहेच, तुम्ही काय आमच्या घरात येऊन गेलात की काय. पण मुद्दा सोडत नाही, जपायचं तर खर्चात सरकारनेही हात लावावा, नुसते नियम नकोत. लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतल्या, घरात परवानगीशिवाय काम केलं तर फौजदारी गुन्हा, आणि परवानगीने केलं तर दुप्पट खर्च.

चुनेवाला
खर्चाबद्दल १००% सहमत. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी, म्हणून दर चढे. आणि व्हॅट, तोंड उघडत नाही.

विभावरी_आर
केवढं काय काय दिलंत, खूप आभार. आता एका दिवसात बाथमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने ते कुणी सांगाल का? काकांचे गुडघे कुरकुरतात, चढ फार नको.

मुक्ता_ब्रिस्टल
बाथमध्ये चढ नको म्हणजे कोकणात मासे नको म्हणण्यासारखं झालं, पण जमवू. स्टेशनवरून टॅक्सीने सरळ द सर्कसला उतरा. थोरल्या वुडचं डिझाइन, १७५४ला पायाभरणी झाली आणि त्याच वर्षी तो गेला, पोराने पुरं केलं. ३३ घरं, पूर्ण वर्तुळ, तीन मजल्यांवर तीन तऱ्हांचे खांब, खाली डोरिक, मग आयोनिक, वर कोरिंथियन. खालच्या खांबांच्या वर दगडाचा पट्टा आहे त्यात पाचशेच्या वर वेगवेगळी चिन्हं कोरलीत, साप, अवजारं, वाद्यं. काकांना म्हणावं आवडतं चिन्ह शोधा, चहा आठवणार नाही. मावशींना कठड्यावरची दगडी ओकची फळं दाखव.
तिथून ब्रॉक स्ट्रीट, सपाट आहे, आणि मुद्दाम साधा ठेवलाय. त्याच्या शेवटी क्रेसेंट अचानक उघडतं, वळेपर्यंत अजिबात दिसत नाही. माझी मागच्या गल्लीची सूचना गुडघ्यांवर अवलंबून. मग नंबर १मधलं संग्रहालय, तळघरातल्या स्वयंपाकघरासकट.

गवाक्ष
आणि काचा! तिरकं उभं राहून काचेतलं आकाशाचं प्रतिबिंब बघा. सपाट दिसलं तर काच नवी, लाटा दिसल्या तर जुनी, फुंकून चकती करून कापलेली क्राउन काच असू शकते. तसंच क्रेसेंटच्या पहिल्या मजल्यावर खिडक्यांचे उंबरे वर-खाली दिसतील, एकोणिसाव्या शतकात लोकांनी ते खाली उतरवून घेतले, काहींनी नंतर परत वर नेले. 'सगळी सारखी' म्हणणाऱ्यांना हे फरक शोधायला लावा. बक्षीस ठेवा.

नाठाळ
माझ्यातर्फे एक मुद्दा, समोरच्या हिरवळीत मधे एक बुटकी भिंत आणि चर आहे, 'हा-हा' म्हणतात. वरच्या बाजूने दिसत नाही. खालची गुरं वर येऊ नयेत, पण वरच्या साहेबांना कुंपणही दिसू नये. नाव ऐकून हसू येतं, काम ऐकून येत नाही. बाकी जाऊन या, मीही दोनदा गेलोय.

टवाळखोर
नाठाळ दोनदा गेले!! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

सुमेध_एनडब्ल्यू
किंग हेन्रीज रोडला जवळचं स्टेशन चॉक फार्म, तिथून चालत थोडंच आहे. घरात जिने आहेत, गुडघ्यांचं बघून ठरवा. जाऊन आलात की इथेच लिहा.

विभावरी_आर
लिहीन नक्की, फोटोंसकट. मावशीचा आत्ताच फोन होता, तिला धाग्याबद्दल सांगितलं तर म्हणाली पिवळ्या दारासमोर माझा एकटीचा फोटो हवा, यांचा नको.